गोरसपाक, गीताई आणि चौसष्टावा श्लोक



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ६४ आणि ६५.

आधी या दोन श्लोकांचा भाव माझ्या साध्या शब्दांत सांगतो. ज्याच्या मनात विषयांची ओढ नाही आणि चीडही नाही, ज्याची इंद्रियं त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहेत, असा माणूस विषयांमध्ये वावरतो आणि त्याला 'प्रसाद' मिळतो. प्रसाद मिळाला की त्याची सगळी दुःखं सरतात आणि बुद्धी लवकर स्थिर होते.

यातला 'वावरतो' हा शब्द लक्षात ठेवा. भगवंत इथे पळून जाणाऱ्या माणसाचं वर्णन करत नाहीयेत. जगात हिंडणाऱ्या, खाणाऱ्या, ऐकणाऱ्या, वाचणाऱ्या माणसाचं करताहेत. माझ्या नजरेतून हा शब्द जवळजवळ वर्षभर निसटला होता. का निसटला, ते आज सांगतो.

आमचं घर वर्ध्याचं. बाबा होते तेव्हा रविवारी दुपारी चार वाजता घरात एक ठरलेला कार्यक्रम असायचा. आईचा चहा, गोरस भंडारातून आणलेला गोरसपाक, आणि बाबांचं वाचन. वर्ध्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, गोरसपाक म्हणजे आमच्याकडचं गाईच्या तुपातलं खुसखुशीत बिस्किट. वर्ध्याहून कुणी पुण्या-मुंबईला निघालं की त्याच्या पिशवीत एक पुडा असतोच. तर बाबा आधी एक कविता मोठ्याने वाचायचे, मग 'गीता प्रवचने'चं एखादं पान. कविता कुणाचीही चालायची. बहिणाबाई मात्र महिन्यातून एकदा ठरलेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने जात्यापाशी, चुलीपाशी, शेतात गाणी रचली आणि ती तिच्या माघारी पुस्तकात आली, याचं त्यांना फार अप्रूप होतं. चहात बुडवलेला गोरसपाक कपात पडायचा आणि ते चमच्याने काढून खायचे. अर्ध्या तासाचा मामला. पण आठवडा त्या अर्ध्या तासाभोवती फिरायचा.

सोळा महिन्यांपूर्वी, श्रावणात, बाबा गेले.

त्यानंतर आईने गोरसपाक आणणं बंद केलं. व्रत म्हणून नाही, नुसतंच बंद झालं. मी मात्र माझ्या बंद करण्याला नाव दिलं : साधना. मी वर्क फ्रॉम होम घेऊन वर्ध्याला आलो होतो. गोड सोडलं. लॉकडाउनपासून हौसेने ब्रेड, नानखटाई, केक करायचो तो ओटीजी खोक्यात घालून माळ्यावर टाकला. कादंबऱ्या बंद. बाबांच्या कवितांच्या कपाटाला कुलूप. वाचायचं ते फक्त शास्त्र, रोज तीस पानं, आणि त्याची नोंद एक्सेलमध्ये. इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय चैन कुठे? शंभर दिवस झाले तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

माझ्याकडे आधारही तयार होता. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर सेवाग्राम. तिथल्या एकादश व्रतांमध्ये 'अस्वाद' हे एक व्रत आहे. बापूंनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना या व्रतांवर दर आठवड्याला पत्रं लिहिली, तीच पुढे 'मंगल प्रभात' म्हणून पुस्तकात आली. अस्वादाचा सारांश असा, की अन्न औषधासारखं घ्यावं, शरीर चालवण्यापुरतं, जिभेचे लाड करण्यासाठी नाही. आणि कवितेचं म्हणाल, तर विनोबा तरुणपणी कविता करायचे आणि अग्नीला अर्पण करायचे. काशीत असताना गंगेत सोडायचे. झालं! बापूंनी चव सोडली, विनोबांनी कविता जाळल्या, मग मी ओटीजी माळ्यावर टाकला तर बरोबरच केलं. माझा हिशोब जुळला.

बाबा गेल्यानंतरची पहिली दिवाळी आम्ही केली नाही. फराळ नातेवाइकांकडून आला. या वर्षी दुसरी दिवाळी. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि करंज्या केल्या. मोजून अकरा. सव्वा वर्षाने तिने तळणीची कढई काढली होती. ताटलीत दोन घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली. मी कॉलवर होतो. म्यूट करून म्हणालो, "आई, माझं गोड बंद आहे. माहीत आहे ना तुला?"

ती काही बोलली नाही. ताटली घेऊन परत गेली. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मला हेडफोनमधूनही ऐकू आला.

त्या रात्री अकरा वाजता मी अंथरुणात पडून मोबाइलवर व्हिडिओ पाहत होतो. कुठल्याशा देशातला बेकर पाव भाजत होता, कवच कापताना होणारा तो करकर आवाज, वर लोणी. असे व्हिडिओ मी रोज पाहायचो. एक्सेलमध्ये त्याचा रकाना नव्हता. आई पाणी प्यायला उठली होती. दारातून तिने पाहिलं आणि तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "काहून रे, पाहाले चालते अन् खाले चालत नाही?"

मंडळी, गीतेवरची कितीतरी व्याख्यानं मी ऐकली आहेत, पण एकोणसाठाव्या श्लोकाचा अर्थ मला त्या क्षणी कळला. त्यात भगवंत म्हणतात की जो इंद्रियांना खाणं देत नाही त्याच्यापासून विषय दूर होतात खरे, पण 'रस' राहतो, आतली गोडी राहते. ती गोडी परतत्त्व दिसल्यावरच जाते. मी विषय माळ्यावर टाकला होता. रस खिशात घेऊन फिरत होतो.

आई बसली पायथ्याशी. जरा वेळाने म्हणाली, "एक विचारू? तू हे देवासाठी सोडलं, का बाबा गेले म्हणून रागानं सोडलं?"

उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर दुसरं होतं. बाबा नाहीत आणि मला काहीतरी चवदार लागतंय, एखादी ओळ आवडतेय, याची मला लाज वाटत होती. आनंद झाला तर बाबांना विसरल्यासारखं होईल अशी भीती होती. शोकाला मी वैराग्याचे कपडे घातले होते. चौसष्टाव्या श्लोकात राग आणि द्वेष दोन्ही सोडायला सांगितले आहेत. यातला 'राग' म्हणजे ओढ, आपल्या मराठीतला संताप नव्हे. आणि द्वेष म्हणजे चीड, झिडकारणं. मी गोडाची ओढ सोडायला निघालो आणि गोडाचा द्वेष करू लागलो. करंजी झिडकारणं आणि करंजीसाठी हपापणं, दोन्हींत मन करंजीपाशीच बांधलेलं.

मार्गशीर्षात एका रविवारी आईला घेऊन मी पवनारला गेलो. वर्ध्यापासून दहाएक किलोमीटर. धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम, त्यांनी १९५९ मध्ये बहिणींसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर तिथेच. पावसाळ्यात धाम पाहिली असेल तर कळेल, नदी चहासारखी गढूळ असते. मार्गशीर्षात मात्र तळाचे दगड दिसतात. संस्कृतात अशा निवळलेल्या पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात. प्रसन्न आणि प्रसाद एकाच धातूचे शब्द. शंकराचार्यांनीही भाष्यात या श्लोकातल्या प्रसादाचा अर्थ मनाची प्रसन्नता, स्वस्थता असाच घेतला आहे. गढूळ पाणी निवळायला कुणी नदी आटवत नाही. पाणी वाहत राहतं, माती खाली बसते. वर्षभर मी नदीच आटवायला निघालो होतो.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी आईला विनोबांच्या कविता जाळण्याची गोष्ट सांगितली. जरा माझी बाजू मांडावी म्हणून. तिने विचारलं, "अन् मग गीताई कोणं लिहिली?"

खरंच की! कविता जाळणाऱ्या याच माणसाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी गीताई लिहायला घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती पुरी केली. अठरा अध्याय, सातशे श्लोक, सगळे मराठी पद्यात. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळायची नाही. आपल्याला समजेल अशी मराठी गीता त्यांना हवी होती. त्या १९१८ मध्ये गेल्या. बारा वर्षांनी मुलाने आईची इच्छा पुरी केली आणि नावातच 'आई' ठेवली. म्हणजे कवितेचा रस त्यांनी मारला नव्हता. स्वतःपुरती कविता अग्नीला दिली, आणि आईसाठी, सगळ्यांसाठी लिहिली ती ठेवली. आणि ही गोष्ट सोळा महिने आई-बाबांच्या आठवणीपासून तोंड लपवणाऱ्या माझ्यासारख्याला, वर्ध्यात राहून, ठाऊक असूनही कळली नव्हती.

परत येताना गोपुरीत गीताई मंदिरात थांबलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर पाहा. या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. उघड्या आभाळाखाली उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली गीताई. १९८० मध्ये विनोबांच्याच हातून ते लोकांना खुलं झालं. आई दुसऱ्या अध्यायाच्या शिळांपाशी गेली आणि बोटाने अक्षरं चाचपत वाचू लागली. तिचा चष्मा गाडीत राहिला होता. चौसष्टाव्या श्लोकापाशी थांबून म्हणाली, "हा तर आपण आश्रमातल्या प्रार्थनेत ऐकला आहे." बरोबर होतं. दुसऱ्या अध्यायातले शेवटचे एकोणीस श्लोक, स्थितप्रज्ञाची लक्षणं, बापूंच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटली जायची. म्हणजे ज्या सेवाग्रामात अस्वादाचं व्रत होतं, तिथेच रोज संध्याकाळी प्रसादाचा हा श्लोकही होता.

इथे एक प्रामाणिकपणे सांगतो. बापूंची पट्टी माझ्यापेक्षा खूप उंच आहे आणि माझ्या सोयीसाठी मी ती खाली ओढणार नाही. "बापूंनाही माझी नानखटाई आवडली असती" असलं काही मी म्हणणार नाही. अस्वाद हे मोठं व्रत आहे आणि ज्याला झेपेल त्याने ते जरूर घ्यावं. पण व्रत घेतलेला माणूस शांत होत जातो. मी चिडचिडा होत गेलो. तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं की माझं ते व्रत नव्हतं.

संध्याकाळी गोरसपाकाचा पुडा घेऊनच आम्ही घरी आलो. आईने चहा टाकला. एक गोरसपाक तिने देवापुढे ठेवला, एक बाबांच्या फोटोपुढे. मग अर्धा मोडून चहात बुडवला. तो कपात पडला. तिने चमचा मागितला. दोघंही हसलो, मग दोघंही रडलो. खाऊन झाल्यावर तिने हळूच विचारलं, "चांगला लागला रे मले. चालते ना असं?"

हाच तो प्रश्न. आजचं सगळं चिंतन याच प्रश्नासाठी.

चालतं, आई. श्लोक तेच तर सांगतो. प्रसाद मिळाल्यावर दुःखं सरतात असा क्रम आहे. आपण उलटं धरतो, की आधी दुःख पूर्ण संपू दे, मग हसायची परवानगी. भगवंतांनी अशी अट घातलेली नाही.

पुढच्या रविवारी ओटीजी माळ्यावरून खाली आला. नानखटाई करायची ठरली. शंभर ग्रॅम तूप, नव्वद ग्रॅम पिठीसाखर, एकशेवीस ग्रॅम कणीक, चाळीस ग्रॅम बेसन, थोडा रवा, वेलची. तूप पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. एकशेसाठ अंशांवर वीस मिनिटं. सोळाव्या मिनिटाला ऑफिसचा मेसेज आला, मी उत्तर देत बसलो, आणि पहिला घाणा खालून काळा झाला.

मला विनोबांच्या आईचीच दुसरी गोष्ट आठवली, ती विनोबांनी स्वतः सांगितलेली आहे. रुक्मिणीबाई देवाला एक लाख तांदूळ वाहत होत्या, रोज एकेक दाणा मोजून. विनोबांचे वडील विज्ञानाच्या शिस्तीचे. त्यांनी सुचवलं की एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त धर. माझ्यासारख्याला हे एकदम पटणारं. सॅम्पल घ्या, गुणाकार करा, बफर ठेवा, काम संपलं. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना, त्यांनी मुलाला विचारलं. विनोबा म्हणाले की इथे प्रश्न गणिताचा नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून मोजायचं.

माझी रोजची तीस पानं ही तोळ्याचा हिशोब होती. पानं भरली, आठवण झाली नाही. आणि तूप फेसताना, त्याचा रंग बदलताना पाहत मी दहा मिनिटं पूर्णपणे तिथे होतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून केलेला दुसरा घाणा नीट झाला. चोवीस नानखटाया. आईने पहिली देवापुढे ठेवली. मग म्हणाली, "खालच्या वॉचमनकाकांले देऊन ये आधी, मग खाऊ आपण."

तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक आठवा. जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, इतकं कडक भगवंत तिथे बोलले आहेत. वर्ध्याला हे वेगळं शिकवायला नको. इथलं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं. जो प्रसाद दारातल्या माणसापर्यंत पोचत नाही, तो नैवेद्यानंतरही आपलाच खाऊ राहतो, असं मला त्या मंदिरासमोरून जाताना वाटतं. घरच्या भट्टीतल्या नानखटाईलाही तोच नियम.

तर मित्रांनो, छोट्या छोट्या आवडींचं काय करायचं, पुस्तक, कविता, काहीतरी भाजणं, फिल्टर कॉफी, जे तुमचं असेल ते? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

१. हे आज मिळालं नाही तर माझा दिवस बिघडतो का? बिघडत असेल तर ती ओढ आहे. थोडे दिवस थांबायला हवं.

२. समोर आलं तर मी झिडकारतो का, देणाऱ्याला लहान करतो का? करत असेन तर तो द्वेष आहे, त्याला वैराग्य म्हणू नये.

३. यातला वाटा कुणाला तरी पोचला का? आणि झाल्यावर मन निवळलं, की 'अजून एक, अजून एक' सुरू झालं? रात्री अकराचा व्हिडिओ 'अजून एक' म्हणतो. चार वाजताचा अर्धा गोरसपाक म्हणत नाही.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, त्यांना वेगळं सांगतो. पहिल्यांदा चहा चांगला लागेल तेव्हा दचकू नका. तुम्ही कुणाला विसरलेला नाही. गढूळ पाणी थोडं निवळलं, एवढंच.

आजचा संकल्प छोटा आहे. आज एक आवडीची गोष्ट मोबाइल दूर ठेवून करा, आणि ती एकट्याने करू नका. कविता असेल तर घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. खायचं असेल तर पहिला घास दुसऱ्याला. आणि कुणी प्रेमाने ताटली घेऊन आलं, तर कॉल म्यूट करून नाही, उठून घ्या.

दिवाळीच्या करंज्या डब्यात मऊ पडल्या होत्या. मी त्यातली एक मागून घेतली. आई म्हणाली, "आता काय मजा राहिली त्यात?" मजा होती.

बाबांचं कपाट या रविवारी उघडलं. एका पुस्तकात खूण म्हणून गोरसपाकाच्या पुड्याचा कागद निघाला, तुपाचा डाग पडलेला. चार वाजता मी तिथूनच पुढे वाचायला घेतलं.

उद्या श्लोक ६६ : ज्याला शांती नाही त्याला सुख कुठून?

रामकृष्ण हरी!